लष्कराला हाक मारणारे शहाणे!

३ जुलै २०१३ च्या रात्री इजिप्तच्या सरकारी दूरचित्रवाणीवरचे एक दृश्य साऱ्या जगाने पाहिले. लष्करी गणवेशातील जनरल अब्देल फताह अल-सीसी सांगत होते की, जनतेने निवडून दिलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना दूर करण्यात आले आहे आणि राज्यघटना स्थगित करण्यात आली आहे. त्यांच्या आजूबाजूला कोण बसले होते? अल-अझहरचे सर्वोच्च धर्मगुरू शेख अहमद अल-तय्यब होते. कोप्टिक ख्रिश्चनांचे पोप तवाद्रोस दुसरे होते. शांततेचे नोबेल मिळवलेले, उदारमतवाद्यांचे लाडके मोहम्मद अल-बरादेई होते. मोर्सींपेक्षाही कडवा इस्लाम सांगणाऱ्या सलफींच्या नूर पक्षाचा माणूस होता. आणि मोर्सींविरुद्ध सह्यांची मोहीम चालवणारे तरुणही होते. शेख, पोप, नोबेलविजेता आणि आंदोलक, सगळे एका रणगाड्याच्या सावलीत! इतके अजब संमेलन अलीकडच्या इतिहासात क्वचितच भरले असेल.

पुढे सहा आठवडेही उलटले नाहीत. १४ ऑगस्टला कैरोच्या राबा अल-अदाविया चौकात मोर्सींच्या समर्थकांचे धरणे उठवण्यासाठी पोलीस आणि लष्कर घुसले. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने वर्षभर चौकशी करून नोंदवले की, त्या एका चौकात एका दिवसात किमान ८१७ माणसे मारली गेली. अल-बरादेई तोपर्यंत उपराष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि देश सोडला. पण खुर्चीवर जाऊन बसताना आपण कुणाच्या हातात बंदूक देतो आहोत हे त्यांना कळत नव्हते काय? कळत नसेल तर त्या विद्वत्तेचा उपयोग काय, आणि कळत असेल तर मग बोलायलाच नको.

त्या काळात आपल्याकडच्या प्रस्थापित वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून एकच पालुपद ऐकू येत होते: मुसलमानांना लोकशाही पचत नाही, तिथे एक तर हुकूमशहा असतो, नाही तर मुल्ला. हे पालुपद आजही गायले जाते. ते गाणाऱ्यांनी इजिप्तचा गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास वाचलेला नसतो, किंवा वाचूनही सांगायचा नसतो. कारण तो सांगितला तर ‘हुकूमशहा किंवा मुल्ला’ ही जोडी मुळात कुणी जुळवली ते सांगावे लागेल.

जुलै १९५२ मध्ये गमाल अब्देल नासर आणि त्यांच्या सहकारी लष्करी अधिकाऱ्यांनी राजा फारूकला हाकलले. गरिबांचे राज्य आले अशी द्वाही फिरली. पण तीन आठवडेही झाले नव्हते, तोच कफ्र अल-दव्वार येथील कापड गिरणीतील कामगार संपावर गेले, आणि नव्या ‘क्रांतिकारी’ सरकारने लष्करी न्यायालय बसवून मुस्तफा खमिस आणि मोहम्मद अल-बकरी या दोन कामगारांना सप्टेंबरमध्ये फासावर चढवले. क्रांतीने पहिला फास कुणाच्या गळ्यात टाकला हे लक्षात घ्या. जमीनदाराच्या नव्हे, गिरणी कामगाराच्या! जानेवारी १९५३ मध्ये सगळ्या राजकीय पक्षांवर बंदी आली. त्या बंदीतून एकच मोठी संघटना सुटली, ती म्हणजे मुस्लिम ब्रदरहुड. हसन अल-बन्ना या शाळामास्तराने १९२८ साली इस्माइलिया गावी स्थापन केलेली ही संघटना तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांच्या बाजूने उभी होती. इतर पक्षांचे गळे आवळले जात असताना ती गप्प राहिली. पुढे सत्तेच्या वाटणीत बिनसले. ऑक्टोबर १९५४ मध्ये नासरवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मग ब्रदरहुडचे हजारो लोक तुरुंगात गेले, काही फासावर गेले. सय्यद कुत्ब यांनी तुरुंगात बसून जे लिहिले त्याने पुढच्या जहाल पिढ्या घडल्या. त्यांना १९६६ साली फाशी दिली गेली. छळाच्या कोठडीतून कडवेपणा बाहेर येतो, ही गोष्ट इथे अगदी तारीखवार तपासता येते.

नासरने फक्त पक्ष मोडले नाहीत. १९५७ साली सरकारी कामगार महासंघ उभा करून त्याने युनियन गिळली. १९६४ च्या कायद्याने प्रत्येक संस्था, मंडळ आणि वाचनालय सरकारी खात्याच्या परवानगीवर आणून ठेवले. खात्याच्या मनात आले तर कार्यकारिणी बरखास्त! १९६१ च्या कायद्याने अल-अझहरसुद्धा सरकारच्या दावणीला बांधले. आणीबाणीचा कायदा १९६७ पासून, मधला थोडा काळ सोडला तर, २०१२ पर्यंत चालू राहिला. इजिप्तमध्ये असा माणूस सहज सापडेल की जो आणीबाणीत जन्मला, आणीबाणीत शिकला, आणीबाणीत त्याचे लग्न झाले आणि त्याची मुलेही आणीबाणीतच मोठी झाली.

अशा देशात पाच माणसांनी एकत्र जमायचे तर कुठे जमायचे? चौकात जमले तर पोलीस उचलतो. युनियनच्या कार्यालयात सरकारचा हस्तक बसलेला. विद्यापीठात खबरे. उरली मशीद. ती कुठल्याही सरकारला बंद करता येत नाही, आणि शुक्रवारी दुपारी तिथे माणसे जमणारच. त्यामुळे जो राग कामगार संघटनेतून, शेतकरी सभेतून, पक्षाच्या शाखेतून बाहेर पडायचा, तो मशिदीच्या पायरीवर येऊन बसला. यात कुराणाचा संबंध किती आणि पोलीस ठाण्याचा किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अन्वर सादात यांनी तर याच्याही पुढची मजल मारली. १९७० नंतर विद्यापीठांत डाव्या आणि नासरवादी विद्यार्थ्यांचा जोर होता. तो मोडण्यासाठी सादातनी ब्रदरहुडच्या लोकांना तुरुंगातून सोडले आणि इस्लामी विद्यार्थी गटांना मोकळे रान दिले. १९८० मध्ये घटनेचे दुसरे कलम बदलून शरियतची तत्त्वे ही कायद्याचा ‘एक’ प्रमुख स्रोत होती ती ‘मुख्य’ स्रोत केली. हे काम एखाद्या मौलवीने केले नाही. सुटाबुटातल्या, अमेरिकेच्या मित्र असलेल्या, इस्रायलशी तह करून नोबेल घेतलेल्या राष्ट्राध्यक्षाने केले. पुढच्याच वर्षी, ६ ऑक्टोबर १९८१ रोजी, लष्करी संचलनातच जिहादी गटाने त्यांना गोळ्या घातल्या. साप पाळणाऱ्याला साप ओळखत नाही. मात्र त्यानंतर हुस्नी मुबारक यांनी तीस वर्षे या एकाच भीतीवर राज्य केले. वॉशिंग्टनमध्ये कुणी लोकशाहीचा विषय काढला की उत्तर तयार असे: मी गेलो तर ब्रदरहुड येईल! त्या उत्तरावर अमेरिकेची दरवर्षीची लष्करी मदत येत राहिली. ती १९८० च्या दशकापासून वर्षाला १३० कोटी डॉलरच्या घरात आहे.

१२ ऑक्टोबर १९९२ रोजी कैरोत भूकंप झाला. पाचशेहून अधिक माणसे दगावली, हजारो घरे पडली. सरकारी यंत्रणा हलायच्या आधी डॉक्टरांच्या आणि अभियंत्यांच्या संघटना तंबू, औषधे आणि घोंगड्या घेऊन वस्त्यांत पोहोचल्या होत्या. या व्यावसायिक संघटना ब्रदरहुडने निवडणुका लढवून जिंकलेल्या होत्या. मुबारक सरकारला लाज वाटली काय? छे! सरकारने उलट मदत गोळा करण्यावरच बंधने घातली आणि पुढच्या वर्षी या व्यावसायिक संघटनांच्या निवडणुकांचा कायदा असा बदलला की, ठरावीक मतदान झाले नाही तर कारभार न्यायाधीशांच्या हाती जावा. लोकांनी काय पाहिले? घर पडले तेव्हा दाढीवाला डॉक्टर आला आणि पोलीस त्याला अडवायला आला. पुढच्या मतदानात कागदावर शिक्का कुठे पडणार हे सांगायला राज्यशास्त्राच्या पदवीची गरज नाही. २००५ च्या निवडणुकीत, अनेक मतदान केंद्रे पोलिसांनी अडवून धरली असतानाही, बंदी असलेल्या ब्रदरहुडचे ८८ उमेदवार ‘अपक्ष’ म्हणून ४५४ जणांच्या सभागृहात निवडून आले.

परंतु ब्रदरहुडच्या सेवाकार्याने भारावून जाणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. या संघटनेचे नेतृत्व डॉक्टर, अभियंते, वकील आणि व्यापारी यांच्या हातात होते. तिचे सर्वांत वजनदार नेते खैरत अल-शातेर हे मोठे व्यापारी. गरिबाला या संघटनेने औषध दिले, रमजानमध्ये शिधा दिला. पण गरीब गरीब का आहे हा प्रश्न तिने विचारला नाही. मुबारक सरकारने १९९२ साली नवा कूळकायदा केला. नासरच्या काळापासून कसत्या कुळाला जे संरक्षण होते ते पाच वर्षांच्या मुदतीनंतर, १९९७ मध्ये, संपले. खंड वाढले, लाखो कुळांच्या पायाखालची जमीन सरकली, गावोगाव मारामाऱ्या झाल्या, माणसे तुरुंगात गेली. या कायद्याविरुद्ध ब्रदरहुडने रान पेटवले असे कुठे दिसत नाही. कारण खासगी मालमत्ता तिला पवित्र होती आणि जमीनदारही नमाजीच होता! दानात देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. ही रचना ब्रदरहुडला मोडायची नव्हतीच.

मग ती मोडायला कोण निघाले होते? याचे उत्तर कैरोच्या कॉफी हाऊसमध्ये नव्हते. ते नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या महल्ला अल-कुब्रा या गिरणगावात होते. १९२७ साली स्थापन झालेली इथली मिस्र कताई-विणाई कंपनी ही देशातली सर्वांत मोठी गिरणी. २००६ साली तिथे चोवीस हजारांच्या आसपास कामगार होते. मार्चमध्ये पंतप्रधानांनी दोन महिन्यांच्या पगाराइतका बोनस जाहीर केला होता. डिसेंबरात पाकीट उघडले तर आत नेहमीचे शंभर पौंड, आणि करकपात जाऊन हातात ८९! ७ डिसेंबरला कपडे शिवण्याच्या खात्यातल्या स्त्रियांनी काम टाकले आणि त्या थेट पुरुषांच्या कताई खात्यात घुसल्या. बाया बाहेर पडल्या, बापे कुठे आहेत, असे त्यांनी घोषणा देऊन विचारले. त्या एका प्रश्नाने गिरणी बंद पडली. सरकारी कामगार महासंघाने संपवाल्यांना साथ दिली नाही, उलट विरोध केला. तरीही चार दिवसांत सरकार वाकले आणि ४५ दिवसांचा बोनस मान्य झाला.

महल्लाच्या या संपात हिजाब घातलेल्या स्त्रिया होत्या, न घातलेल्या होत्या, कोप्टही होते. कुणी कुणाला तू कोण म्हणून विचारले नाही, कारण पाकिटातले ८९ पौंड सर्वांचे सारखेच होते. संपांची लाट मग सिमेंट, रेल्वे, कापड आणि बंदरांपर्यंत पसरली. डिसेंबर २००७ मध्ये मालमत्ता कर वसूल करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कैरोत रस्त्यावर अकरा दिवस मुक्काम ठोकून मागण्या मिळवल्या, आणि त्यातून अर्ध्या शतकातली पहिली स्वतंत्र युनियन उभी राहिली. ६ एप्रिल २००८ ला महल्लात पुन्हा संपाची हाक होती. पोलिसांनी गिरणी ताब्यात घेतली तेव्हा गावच रस्त्यावर आले आणि मुबारकच्या भव्य फलकावर चपला पडल्या. कैरोतल्या सुशिक्षित तरुणांनी त्या दिवसाचेच नाव आपल्या चळवळीला दिले. ब्रदरहुडने मात्र ६ एप्रिलच्या संपात भाग घेण्याचे नाकारले होते. हे सगळे २०११ च्या आधीचे आहे. पण २०११ ची गोष्ट सांगताना फेसबुक आधी सांगितले जाते आणि गिरणी विसरली जाते. लेखणी ज्यांच्या हातात असते त्यांना स्वतःचेच हत्यार मोठे दिसते, दुसरे काय!

जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालेद सईद या तरुणाला पोलिसांनी मारून टाकले. त्याच्या ठेचलेल्या चेहऱ्याच्या छायाचित्राने तरुणांचे रक्त उसळले. २५ जानेवारी २०११ ला कैरोचा तहरीर चौक भरला. ब्रदरहुडने संघटना म्हणून पहिल्या दिवशी अंग चोरले. ती पूर्ण ताकदीने उतरली २८ तारखेला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात देशभर कामगारांनी संप सुरू केले, सुएझ कालव्याच्या कंपन्यांपर्यंत हरताळ पोहोचला, आणि ११ तारखेला मुबारक गेले. सत्ता कुणाकडे गेली? लष्करी सेनानींच्या मंडळाकडे. त्यांनी पहिल्या काही आठवड्यांतच संप आणि निदर्शनांवर बंदी घालणारा हुकूम काढला. कामगारांच्या मागण्यांना तेव्हा एक शब्द वापरला जाई, त्याचा अर्थ ‘गटापुरत्या मागण्या’. लष्कर तो वापरी, वृत्तपत्रे वापरीत आणि ब्रदरहुडही वापरी. राष्ट्राचा विचार करा, आपल्या पोटाचा नको! पोट भरलेल्यांचा हा उपदेश आपल्या वाचकांच्या कानांना नवा नाही.

त्याच मार्चमध्ये तहरीर चौकातून पकडलेल्या स्त्रियांवर लष्कराने ‘कौमार्य चाचणी’ केली. या अत्याचाराचे समर्थन ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसमोर करणारा अधिकारी कोण होता? तेव्हाचे लष्करी गुप्तवार्ता प्रमुख अब्देल फताह अल-सीसी! तिथेच या माणसाची ओळख पटायला हवी होती. ९ ऑक्टोबर २०११ ला कोप्ट ख्रिश्चनांचा मोर्चा एका चर्चवरील हल्ल्याचा निषेध करीत मास्पेरो येथील दूरचित्रवाणी इमारतीपाशी आला, तेव्हा लष्कराची चिलखती वाहने माणसांच्या अंगावरून गेली. दोन डझनांहून अधिक माणसे मेली, आणि सरकारी वाहिनी ‘सज्जन नागरिकांनो, लष्कराच्या रक्षणासाठी धावा’ अशा आशयाचे आवाहन करीत राहिली. अल्पसंख्याकांचा रक्षक म्हणून ज्या लष्कराकडे पाहा असे सांगितले जाते, ते हेच.

इथे एक आठवण द्यायला हवी. कैरोचा कचरा पिढ्यानपिढ्या उचलणारे जब्बालीन हे बहुतांश कोप्ट ख्रिश्चन. वरच्या इजिप्तमधून पोटासाठी आलेले, मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी कचऱ्याच्या ढिगांतच राहणारे, अन्नाच्या उकिरड्यावर डुकरे पाळणारे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली. इजिप्तमध्ये तेव्हा एकही रुग्ण नव्हता आणि हा रोग डुकरांमुळे पसरत नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. तरी मुबारक सरकारने देशातली जवळपास तीन लाख डुकरे मारून टाकली. जब्बालीनांची रोजी गेली, आणि काही महिन्यांत कैरोच्या गल्ल्या कुजक्या अन्नाने तुंबल्या. मग साहेबांना कळले की, आपण ज्यांना घाण म्हणतो तेच घाण उचलीत होते. या लोकांसाठी तहरीरचे उदारमतवादी किती वेळा बोलले आणि ब्रदरहुडचे परोपकारी किती वेळा गेले, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

जून २०१२ मध्ये मोर्सी निवडून आले, ५१.७ टक्के मतांनी. विरोधात मुबारक यांचे शेवटचे पंतप्रधान होते, म्हणून अनेक पुरोगाम्यांनी नाक दाबून मोर्सींना मत दिले होते. मोर्सींनी या उसन्या मतांचे काय केले? २२ नोव्हेंबरला फर्मान काढून आपले निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. डिसेंबरात घाईघाईने घटना पुढे ढकलली. कोप्ट आणि उदारमतवादी सदस्य घटना समितीतून बाहेर पडले होते. जेमतेम एक तृतीयांश मतदारांनी मतदान केले आणि ती मंजूर झाली. त्या घटनेतल्या शरियतच्या कलमांवर जगभर चर्चा झाली. पण खरी मेख दुसरीकडे होती. संरक्षणमंत्री लष्करी अधिकारीच असेल, लष्कराचे अंदाजपत्रक संसदेत न जाता संरक्षण मंडळात जाईल, नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटला चालवता येईल, हे सगळे ब्रदरहुडच्या घटनेनेच लष्कराला बहाल केले! आणि सीसींना संरक्षणमंत्री केले तेही मोर्सींनीच, ऑगस्ट २०१२ मध्ये. माणूस नमाजी आहे, म्हणजे आपला आहे, असा हिशेब. ज्या बंदुकीने राबा चौकात ब्रदरहुडची माणसे मारली तिचा परवाना ब्रदरहुडने स्वतः सही करून दिला होता.

तेव्हा मोर्सींविरुद्ध लोक चिडले यात नवल नव्हते. ३० जून २०१३ ला लाखो माणसे रस्त्यावर आली ती सगळी लष्कराने भाड्याने आणलेली नव्हती. आमचा आक्षेप त्यांच्यावर नाही. आक्षेप आहे तो या रागाला निवडणुकीच्या वाटेने, संघटनेच्या वाटेने न्यायचे सोडून लष्कराच्या दारात नेऊन बांधणाऱ्या शहाण्यांवर. सोनाल्ला इब्राहिम हे मोठे कादंबरीकार. २००३ साली मुबारक सरकारचे पारितोषिक त्यांनी व्यासपीठावर उभे राहून, सरकारचे वाभाडे काढून नाकारले होते. केवढे धैर्य! तेच इब्राहिम २०१३ मध्ये सीसींची भलामण करीत होते. करवसुली कर्मचाऱ्यांच्या संपाचे नेते, स्वतंत्र युनियन चळवळीचा चेहरा, कमाल अबू अयता जुलै २०१३ मध्ये लष्कराने बसवलेल्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री झाले. ज्या चळवळीने सरकारी युनियनपासून सुटका मागितली होती, तिचा नेता सरकारात जाऊन बसला! यापेक्षा स्वस्तात चळवळ कुणी विकत घेतली असेल असे वाटत नाही. लष्करही नको आणि ब्रदरहुडही नको म्हणणारे काही थोडे तरुण त्या उन्हाळ्यात गिझातल्या एका चौकात जमत होते. त्यांनी त्याला ‘तिसरा चौक’ म्हटले. दोन्हीकडून त्यांना शिव्या मिळाल्या, आणि ते इतके थोडे होते की चौक भरतच नसे.

नोव्हेंबर २०१३ मध्ये निदर्शनबंदीचा कायदा आला. त्याचे पहिले बळी ठरले ते मोर्सींना विरोध करणारेच. ६ एप्रिल चळवळीचे संस्थापक अहमद माहेर यांना डिसेंबरात तीन वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये चळवळीवरच बंदी आली. अला अब्देल फताह यांची त्यानंतरची बहुतेक वर्षे तुरुंगात गेली. आईने उपोषण करून स्वतःचा जीव पणाला लावल्यावर, सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना माफी मिळाली. जानेवारी २०१५ मध्ये तहरीरच्या शहिदांना फुले वाहायला निघालेल्या शायमा अल-सब्बाग या डाव्या कार्यकर्तीला पोलिसांनी भर रस्त्यात गोळी घातली. २०१६ मध्ये जुलिओ रेजेनी या इटालियन संशोधकाचे छळ केलेले प्रेत कैरोबाहेर रस्त्याकडेला सापडले. तो कशाचा अभ्यास करीत होता? रस्त्यावरच्या फेरीवाल्यांच्या स्वतंत्र युनियनचा! या सरकारला बॉम्बइतकीच भीती कशाची वाटते हे यातून कळावे. छळग्रस्तांवर उपचार करणारे नदीम केंद्र २०१७ मध्ये पोलिसांनी सील केले. त्याच वर्षीच्या कायद्याने स्वतंत्र युनियनांची मान्यता काढून त्यांना नव्याने नोंदणीच्या चक्रात अडकवले. स्वयंसेवी संस्थांचे कायदे २०१७ आणि २०१९ मध्ये आवळले गेले. मोर्सी जून २०१९ मध्ये न्यायालयातच कोसळून मेले. त्याच वर्षी घटना बदलून सीसींना २०३० पर्यंत राज्य करण्याची वाट मोकळी झाली.

आता कुणी म्हणेल, निदान धर्मांधता तरी आटोक्यात आली ना? हा सर्वांत मोठा गैरसमज. सीसींच्या राज्यात इस्लाम राजकारणातून गेला नाही, तो सरकारी झाला. २०१४ पासून परवाना नसलेल्या माणसाला मशिदीत प्रवचन करता येत नाही. २०१६ मध्ये तर शुक्रवारचे प्रवचन मंत्रालयातून लिहून पाठवण्याचा प्रयत्न झाला. धर्मनिंदेच्या कलमाखाली इस्लाम अल-बुहैरी या अभ्यासकाला तुरुंगात पाठवले गेले. जुन्या धर्मग्रंथांतील हिंसेची चिकित्सा करा एवढेच तो म्हणत होता. मुबारकच्या ‘धर्मनिरपेक्ष’ राज्यात १९९५ मध्ये प्राध्यापक नस्र हामिद अबू झैद यांना न्यायालयाने धर्मभ्रष्ट ठरवून त्यांचे लग्न मोडले होते, आणि १९९२ मध्ये लेखक फराग फौदा यांचा भररस्त्यात खून झाला होता. लष्करी हुकूमशहा मुल्लाला हरवत नाही. मुल्लाचे दुकान तो आपल्या नावावर करून घेतो.

आणि इस्लामच्या आतून प्रश्न विचारणारे कधी नव्हतेच काय? अली अब्दुर रझिक हे अल-अझहरमध्ये शिकलेले काझी. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत बरखास्त केली. इकडे हिंदुस्थानात गांधीजींच्या साथीने तिच्यासाठी झालेले आंदोलन विझले होते, आणि तिकडे इजिप्तचा राजा फुआद खलिफा होण्याची स्वप्ने पाहत होता. १९२५ मध्ये अब्दुर रझिक यांनी पुस्तक लिहून सांगितले की, पैगंबरांनी धर्म दिला, राज्यपद्धती दिली नाही. खिलाफत हा इस्लामचा भाग नाही. अल-अझहरने त्यांची विद्वान म्हणून असलेली सनद काढून घेतली, काझीपदही गेले. राजाला हवे होते ते मौलवींनी करून दिले. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ‘मुसलमानांत चिकित्सा नाही’ म्हणणाऱ्यांनी चिकित्सा करणाऱ्याची सनद कुणाच्या सोयीसाठी गेली तेही सांगावे.

ट्युनिशियाकडे पाहिले म्हणजे फरक कळतो. तिथेही हुकूमशाही होती, तिथेही अन्नहदा हा इस्लामी पक्ष २०११ मध्ये २१७ पैकी ८९ जागा घेऊन पहिला आला. २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांचे खून झाले आणि देश इजिप्तच्याच वाटेने निघाला होता. पण ट्युनिशियात कामगारांचा महासंघ होता. वसाहतीविरुद्ध लढून उभा राहिलेला, हुकूमशहांनी वाकवला तरी पुरता न मोडलेला. त्याने उद्योजक, वकील आणि मानवी हक्क संघटना यांना बरोबर घेऊन दोन्ही बाजूंना टेबलाशी बसवले. अन्नहदा सत्तेवरून उतरली, २०१४ ची घटना झाली, आणि या चार संस्थांना २०१५ चे नोबेल मिळाले. लष्कराला कुणी हाक मारली नाही, कारण हाक मारायला दुसरे कुणी होते. मात्र पुढे पोटाचा प्रश्न सुटला नाही. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली तेव्हा तिथल्याही शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या. अन्नहदाची जिरली ना, बस्स! आज अन्नहदाचे वृद्ध नेते राशिद घन्नुशी तुरुंगात आहेत आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीही अनेक जण त्यांच्या शेजारच्या कोठड्यांत आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत सईद यांना नव्वद टक्के मते पडली. मतदानाला तीन मतदारांपैकी एकही धड गेला नव्हता.

सीरियाचे उदाहरण तर रक्ताचेच आहे. असद बाप-लेकांनी अर्ध्या शतकात पक्ष, युनियन, वकील संघटना, सारे ठेचून काढले. १९८२ मध्ये हमा शहर उद्ध्वस्त केले. डिसेंबर २०२४ मध्ये बशर असद पळाले तेव्हा सत्ता घ्यायला तयार उभा होता तो जुन्या जिहादी गटांतून निघालेला सशस्त्र गट. २०११ मध्ये सीरियाच्या रस्त्यांवर हातात फुले आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन सैनिकांसमोर जाणारे तरुण होते. ते तोवर तुरुंगात मेले होते किंवा परदेशात होते.

इजिप्तमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये महल्लाच्या त्याच गिरणीत पुन्हा संप झाला. पौंडाची किंमत घसरलेली, भाकरी महागलेली, आणि सरकारने जाहीर केलेले सहा हजार पौंडांचे किमान वेतन गिरणी कामगारांना लागू नव्हते. या वेळीही काम आधी टाकले ते स्त्रियांनी. हजारो कामगार बाहेर आले, सुरक्षा खात्याने अनेकांना चौकशीला उचलले, काहींना डांबून ठेवले. कैरोतल्या एकाही मोठ्या पक्षाने त्यांच्यासाठी मोर्चा काढला नाही. काढायला पक्षच उरलेला नव्हता. ब्रदरहुडचे नेते तुरुंगात, नाही तर इस्तंबूल-लंडनमध्ये. आठवडाभराने वेतनवाढ मान्य झाली आणि यंत्रे सुरू झाली. डांबलेल्या कामगारांची घरची माणसे मात्र तुरुंगाच्या दारापाशी हेलपाटे घालीत राहिली.